रंग उडालेली जुनी गाडी घ्यावी का?

दसरा जवळ आला की कोल्हापुरात गाड्यांची चौकशी वाढते. नवी घेणारे शोरूममध्ये बुकिंग करतात. ज्यांचं बजेट तीन-चार लाखांचं आहे ते ओळखीच्या मेस्त्रीला, एजंटाला, मेव्हण्याच्या मित्राला सांगून ठेवतात, ‘कुठं चांगली गाडी असली तर कळवा.’ मग एखादी गाडी सापडते. एकहाती वापरलेली, इंजिन शांत, कागदपत्रं चोख, किलोमीटर पटण्यासारखे. फक्त डाव्या दोन्ही दारांवर लांबलचक ओरखडे, बॉनेटचा रंग विटलेला आणि मागच्या बंपरचा कोपरा घासलेला. घरात लगेच दोन तट पडतात. ‘एवढे पैसे घालून असली गाडी दारात लावायची?’ असं एकाचं म्हणणं, आणि तेवढ्यात एजंट तीस हजार जास्तीची, चकाचक रंगाची दुसरी गाडी दाखवतो.

माझं मत आधीच सांगतो. या दोघींपैकी मी पहिल्यांदा ओरखड्यांची गाडी बघेन. ओरखडा उघड्यावर असतो. तो किती खोल आहे आणि दुरुस्तीला काय लागेल, हे थोड्या वेळात कळतं आणि तेवढे पैसे सौद्यातून कमी करून घेता येतात. आठ-दहा वर्षांच्या गाडीवरचा नवाकोरा रंग मात्र कशावर मारलाय, ते शोधून काढावं लागतं. म्हणून गाडीपुढं उभं राहिल्यावर दोन गोष्टींचा छडा लावायचा: रंग कशानं गेला आणि त्याखालचा पत्रा शाबूत आहे का.

त्यासाठी रंग म्हणजे काय, हे थोडं माहीत असलेलं बरं. कारखान्यात सगळ्यात आधी पत्र्यावर गंजरोधक प्रायमर चढतो. अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्यानं तो बसवतात, त्यामुळं कानाकोपऱ्यात, पोकळ भागांच्या आतही पोचतो. त्यावर दुसरा प्रायमर, मग रंगाचा थर आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून जाडी भरते साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम सातवा-आठवा हिस्सा. तुम्हाला जी चमक दिसते ती वरच्या क्लिअर कोटची, आणि रोजच्या वापरातले बहुतेक चरे त्याच थरात असतात.

नख आडवं फिरवून बघा. नख अडकलं नाही, तर चरा वरच्या थरातला आहे. रबिंग-पॉलिशनं तो जातो किंवा निदान नजरेत भरत नाही. नख अडकलं आणि आत पांढरट किंवा राखाडी रेघ दिसली, तर प्रायमरपर्यंत गेलंय, टचअप लागणार. आत उघडा किंवा तांबूस पत्रा दिसला, तर ते काम पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबणार नाही. गाडी ओली असताना मात्र हे करू नका. पाणी चऱ्यांत भरलं की चरे दिसत नाहीत आणि विटका रंगसुद्धा तुकतुकीत वाटतो. नुकतीच धुऊन आणलेली गाडी असेल तर पुसायला लावा, कोरडी होईपर्यंत चहा घ्या. गाडी बघायची ती सकाळच्या तिरप्या उन्हात. रात्री ट्यूबलाइटच्या उजेडात रंग बघून इसार देणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी दोन दारांच्या दोन छटा दिसतात.

आपल्या भागात रंग जायची काही ठरलेली कारणं आहेत, आणि ती ओळखता आली तर निम्मी भीती जाते. पहिला मान उसाचा. हंगाम सुरू झाला की करवीर, कागल, हातकणंगले, शिरोळ, कुठल्याही रस्त्याला जा, ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या ओसंडून भरलेल्या असतात. अरुंद रस्त्यावर बाजू काढताना उसाची टोकं गाडीला घासतात. त्याचे चरे आडवे, एकमेकांना समांतर, साधारण एकाच उंचीवर असतात. पुढच्या फेंडरपासून मागच्या दारापर्यंत गेलेले. पत्रा चेपलेला नसतो. असले चरे बघून घाबरायचं कारण नाही. पण चऱ्यांच्या जोडीला दारात पोचा असेल, दार लावताना कडेला अडत असेल किंवा दोन दारांमधली फट वर एक आणि खाली एक दिसत असेल, तर तो मार उसाचा नव्हे. तिथं थांबून विचारा.

दुसरं कारण फौंड्रीचं, आणि यात चांगल्या गाड्या उगाच नाकारल्या जातात. शिरोली, गोकुळ शिरगाव भागात ओतकामाचे कारखाने आहेत. ग्राइंडिंग करताना लोखंडाचे बारीक कण उडतात, आवारात उघड्यावर लावलेल्या गाड्यांवर बसतात, रंगात रुततात आणि दमट हवेत गंजतात. मग पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर आणि टपावर तांबूस ठिपक्यांची पखरण दिसते. घेणारा म्हणतो, ‘पत्रा गंजलाय,’ आणि निघून जातो. पत्रा गंजलेला नसतो. गंजलेला असतो तो वर बसलेला कण. ओळखायची सोपी युक्ती आहे. पृष्ठभाग स्वच्छ धुऊन कोरडा करा, हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवा आणि हलकेच फिरवा. कण असतील तर वाळूसारखी बारीक खरखर लागते. ठिपक्याच्या भोवतीचा रंग सपाट असतो, फुगलेला नसतो. क्ले बार आणि लोखंडी कण विरघळवणारं द्रावण वापरून डिटेलिंगवाले हे काढून देतात. त्यानंतर एक पॉलिश, एवढंच काम.

उन्हाचं नुकसान वेगळं. वर्षानुवर्षं उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीचा टप आणि बॉनेट आधी फिके पडतात, मग क्लिअर कोटाचे पोपडे निघतात. एकदा पोपडे निघाले की पॉलिशवाला काहीही म्हणो, उपयोग नाही. तो भाग घासून पूर्ण रंगवावाच लागतो. बॉनेट सुटं करून रंगवता येतं, टपाचं तसं नाही. तो खांबांना जोडलेला असतो, त्यामुळं रंग कुठं थांबवायचा हा पेंटरपुढं प्रश्न असतो आणि खर्च वाढतो. टपाला पोपडे असतील तर भाव करताना ते आवर्जून मोजा. पेठांच्या गल्ल्यांत घासलेले बंपरचे कोपरे मात्र मोजत बसू नका, बंपर प्लास्टिकचा असतो, गंजत नाही. बंपर आणि शेजारचा पत्रा यांच्या छटेत थोडा फरक तर कारखान्यातून आलेल्या गाडीतही दिसतो.

आता गंज. उद्यमनगरातले एक जुने पेंटरकाका गाडी तपासताना आधी बॉनेटकडं बघतच नाहीत. ते गुडघ्यावर बसतात, दार अर्धं उघडतात आणि दाराच्या खालच्या कडेवरून आतल्या बाजूनं चार बोटं फिरवतात. दाराच्या तळाला पाणी निचरायला बारीक भोकं असतात. त्यांत माती अडकली की काचेवरून आत उतरलेलं पाणी तिथंच साठतं आणि पत्रा आतून बाहेर सडत येतो. बाहेरून दिसतो तो फक्त रंगाला आलेला फुगा, हरभऱ्याएवढा. काका त्या फुग्यावर अंगठा दाबतात. खालचा पत्रा दबला किंवा करकरला, की ते उठून हात झटकतात. ‘रंग काय हो, आज मारला की उद्या चमकतोय,’ त्यांचं म्हणणं. ‘पत्रा काय म्हणतोय ते बघा.’ ते चाकांच्या वरच्या कमानीची आतली कड, दारांखालची पट्टी, डिकीत स्टेपनीखालचा तळ आणि पुढच्या काचेच्या रबराची कडही अशीच चाचपतात. ओरखड्यातला गंज वरून आलेला असतो, घासून प्रायमर मारला की थांबतो. फुग्याखालचा गंज आतून आलेला असतो. तो भाग कापून नवा पत्रा जोडल्याशिवाय थांबत नाही, आणि जोडलेल्या जागी कारखान्यातला बुडवलेला प्रायमर काही परत येत नाही.

किनाऱ्यावरून आलेल्या गाड्यांत हे जास्त सापडतं. गोव्याची, सिंधुदुर्ग-रत्नागिरीची किंवा मुंबईची गाडी कोल्हापुरात सहज विकायला येते, कधी थोडी स्वस्तही मिळते. खाऱ्या हवेत काढलेली वर्षं गाडीच्या पोटाखाली दिसतात. ती गाडी रॅम्पवर चढवून बघितल्याशिवाय बोलणीच करू नका. परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि महाराष्ट्रातला रोड टॅक्स, हा खर्चही किमतीत धरा. बेळगाव-निपाणीकडच्या गाड्यांनाही हे लागू आहे.

आणि महापूर. कोल्हापुरात जुनी गाडी घेणाऱ्यानं रंगाच्याही आधी विचारायचा प्रश्न आहे: ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये ही गाडी कुठं उभी होती? राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरीची कुंभार गल्ली, दुधाळी, प्रयाग चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्यात होती. माणसं आणि जनावरं काढताना गाड्या मागं राहिल्या.

इथं रंग पूर्ण फसवतो. पुराचं पाणी रंगाचं फारसं काही बिघडवत नाही. दोन दिवस बुडालेली गाडी धुऊन-पुसून, पॉलिश करून उभी केली की तिच्यावर ओरखडाही नसतो. बिघडतं ते आत: वायरिंगचे जोड, ईसीयू, एअरबॅगचे सेन्सर, बेअरिंगं. हे बिघाड लगेच दिसत नाहीत, कित्येक महिन्यांनी एकेक करून डोकं वर काढतात. विमा कंपनीनं टोटल लॉस धरलेल्या गाड्या भंगारात विकल्या जातात. त्यातल्या काही दुरुस्त होऊन दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात पुन्हा रस्त्यावर येतात. त्यामुळं एमएच ०९ नसलेली गाडी पुरातली नसेलच, असं धरून चालू नका. सांगलीनंही ते दोन्ही पूर पाहिलेत आणि चिपळूणनं २०२१ चा.

तपासायला वेळ लागत नाही. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. बाहेरचा हातभर पट्टा धुता येतो, आत गुंडाळलेलं टोक कुणी धूत नाही, आणि गढूळ पाण्याची रेघ तिथं राहते. पायाखालचं कार्पेट कडेनं उचला, त्याखालच्या फोमला हात लावा, वास घ्या. सीटच्या रुळांचे बोल्ट, पेडलच्या वरचा लोखंडी भाग, फ्यूज बॉक्सच्या आतले कोपरे, स्टेपनीचा खड्डा, इथं वाळलेला बारीक गाळ किंवा एकसारखा गंज दिसला तर सौदा तिथंच संपवा. गाडीत परफ्यूमचा वास नको तेवढा दरवळत असेल तर काचा लावून दहा मिनिटं आत बसा. असली गाडी मी कितीही स्वस्त मिळाली तरी घ्यायला सांगणार नाही. उसानं ओरबाडलेली गाडी एका आठवड्यात सरळ होते, पुरातली होत नाही.

पुन्हा रंगवलेली गाडी कशी ओळखायची, हे आता सांगायला हवं. बॉनेट उघडा आणि फेंडर ज्या बोल्टांनी बसवलाय त्या बोल्टांची डोकी बघा. कारखान्यात बॉडीबरोबर ते बोल्टही रंगलेले असतात. पान्याच्या खुणा असतील, कडेचा रंग तुटला असेल, तर फेंडर निघालाय. दारांच्या बिजागऱ्यांचं तेच. दाराच्या कडेची रबरं उचलून आत बघा. फवारलेल्या रंगाची किनार रबराखाली थांबलेली दिसते. एक छोटं चुंबक मऊ फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथं पकड अचानक सैल होते तिथं पुट्टी भरलीय. मात्र बंपरवर ते चिकटणारच नाही. रंगाची जाडी मोजायचं यंत्र असलेला माणूस मिळाला तर फारच छान: २००-३०० मायक्रॉन दाखवलं तर पॅनेल पुन्हा रंगवलंय, ५०० च्या वर गेलं तर खाली पुट्टी असणार.

एखादं दार किंवा फेंडर रंगवलेलं असणं हा गुन्हा नाही. आपल्या रस्त्यांवर आठ वर्षं चाललेल्या गाडीचं ते होतंच. मालकानं आपणहून सांगितलं असेल तर त्याच्यावरचा विश्वास वाढायला हवा. बदललेलं किंवा ठोकलेलं जर बॉनेटच्या आतलं लोखंड असेल, म्हणजे दोन्ही बाजूंचे एप्रन, रेडिएटर धरणारा पुढचा शो, किंवा दारांमधले खांब, डिकीचा तळ, तर तो रंगाचा विषय राहत नाही. तो अपघाताचा आहे. आणि अख्खी गाडी एकाच वेळी रंगवलेली असेल तर कारण विचारा आणि पटलं नाही तर सोडा. आरसी बुकात रंग नोंदलेला असतो, तो समोरच्या गाडीशी जुळतो का, हेही बघून घ्या.

विम्याची जुनी पॉलिसी मागून घ्या, त्यातून बरंच कळतं. दावा न घेणाऱ्याला मिळणारी सवलत, एनसीबी, दरवर्षी २०, २५, ३५, ४५ आणि मग ५० टक्के अशी चढते. सहा-सात वर्षं एकाच मालकाकडं असलेल्या गाडीच्या पॉलिसीवर ती शून्य किंवा २० टक्के असेल, तर अलीकडे एखादा दावा घेतलाय किंवा विमा मध्ये तीन महिन्यांहून जास्त बंद होता. यातलं काय झालं, ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे. ही सवलत माणसाची असते, गाडीबरोबर तुमच्याकडं येत नाही.

‘घ्या हो, ओरखडे इन्शुरन्समध्ये करून घ्या,’ असं एजंट हमखास सांगतो. ऐकू नका. तुमच्या नावावर नवा विमा काढताना कंपनी गाडीचे फोटो घेते आणि असलेलं नुकसान नोंदवून ठेवते. त्याचे पैसे नंतर मिळत नाहीत. जुन्या नुकसानीला नवी तारीख लावून दावा करणं ही सरळ फसवणूक आहे. वर प्रत्येक दाव्यामागं १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २००० रुपये स्वतःच्या खिशातून जातात, ते वेगळेच.

आता पैशाचं. रंगकामाचा भाव पॅनेलवर असतो. साध्या गॅरेजमध्ये एका पॅनेलला काही हजार लागतात, अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये त्याहून बरेच जास्त. साधा पांढरा सगळ्यात सोपा. सिल्व्हर, ग्रे अशा मेटॅलिक रंगात बारीक धातूचे कण असतात, त्यांची छटा जुळवायला शेजारच्या पॅनेलवरही थोडा रंग ओढावा लागतो, त्यामुळं दोन दारांचं काम तीन-चार पॅनेलवर जातं. म्हणून अंदाजानं भाव पाडू नका. गाडीचे जवळून फोटो काढा, दोन पेंटरांना दाखवा आणि आकडा घेऊन मालकाकडं जा. समजा काम १८ हजारांचं आहे, तर मी निदान २५ हजार कमी मागेन. गाडी तीन-चार दिवस अडकणार, शेड जुळेलच याची खात्री नाही, आणि हे नुकसान तुम्ही विकताना पुढचा माणूसही मोजणार आहे. आणखी एक: २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. मालक त्याआधीच्या नव्या गाडीच्या किमतीवरून हिशेब मांडत असेल, तर आजची किंमत त्याच्यापुढं ठेवा.

एवढं करून पैसे कमी झाले, तर रंग मारायलाच हवा का? माझ्या मते बहुतेकदा नको. पत्रा उघडा पडला नसेल, तर कारखान्याचा ओरबाडलेला रंग गॅरेजच्या नव्या रंगापेक्षा पत्र्याला जास्त जपतो. वाचलेल्या पैशांत टायर, ब्रेक, सस्पेन्शनची रबरं आणि बॅटरी करून घ्या. गाडी शिकणाऱ्या मुला-मुलीसाठी, शेतावर जाण्यासाठी किंवा गल्लीत रस्त्यावर उभी करण्यासाठी घेत असाल, तर पहिल्या सहा महिन्यांत त्यात आणखी दोन ओरखड्यांची भर पडणारच आहे.

बोलणी पक्की झाली की इसार-पावतीवरच लिहून घ्या: गाडी पुरात बुडालेली नाही, मोठ्या अपघातातली नाही, आजच्या तारखेला अमुक ठिकाणी ओरखडे आहेत. खाली मालकाची सही. ज्याला लपवायचं असतं तो इथं कुरकुर करतो. फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, ऑनलाइन चलनांची थकबाकी, हे नेहमीचं बघाच. विमा नावावर करून घ्यायला कंपनीकडं १४ दिवसांच्या आत अर्ज करा.

गाडी घरी आली की पहिल्या रविवारी दारांच्या तळाची भोकं तारेनं मोकळी करा आणि पाणी ओतून निचरा होतो का बघा. दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली एक पट्टी असते, तिच्यावर रंगाचा कोड छापलेला असतो. तो दाखवून टचअपची छोटी बाटली घ्या. जिथं पत्रा उघडा दिसतोय तेवढंच बारीक पॉलिश पेपरनं घासा, प्रायमर लावा, वाळल्यावर रंग लावा. मोठं रंगकाम करायचंच ठरवलं असेल तर ते पावसाळ्यात उघड्या शेडमध्ये करू नका. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमधल्या दमट हवेत रंगावर पांढुरकी साय धरते. दिवाळीनंतर कोरडी हवा पडली की गाडी पेंटरकडं सोडा, आणि घासून झालं की रंग मारायच्या आधी मला फोन करा, असं त्याला सांगून ठेवा. तेवढ्या अर्ध्या तासात उघडा पत्रा स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतो.